दोन स्ट्रिपा

'प्रत्येकाने तळहातावर मावेल एवढं पर्सनल फर्स्ट एड किट आणावं,' असं दयानंदांच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून आलेल्या ट्रेकच्या मेलमध्ये म्हटलं होतं. तळहात कुणाचा, ते म्हटलं नव्हतं. वासंतीने तो भीमाचा धरला.

बँडेज, मलम, ओआरएसपर्यंत दयानंद गप्प होते. मग ओवा आला, हळदीची डबी आली, नीकॅप आली. समोरच्या धनलक्ष्मी अक्कांनी "स्वल्प असू दे" म्हणत गुडघ्याचं तेल दिलं. ते स्वल्प पाव लिटर होतं. साडीच्या दुकानातून फुकट मिळालेल्या पाऊचची चेन वासंतीने अक्षरशः गुडघा रोवून लावली.

"आणि ह्या तुमच्या बीपीच्या. दोन स्ट्रिपा."

"अगं, एक दिवस जाणार मी. वीस गोळ्या कशाला?"

"असू द्या की. कुणाला लागल्या तर?"

"बीपीची गोळी म्हणजे काय बडीशेप आहे, जेवणानंतर फिरवायला?"

खरी अडचण दयानंदांनी घरी सांगितलीच नव्हती. वय बावन्न. नव्या प्रोजेक्टची टीम सोमवारी ठरणार होती आणि ठरवणारा मॅनेजर प्रणीत एकतीस वर्षांचा, पुण्याचा, सपाट पोटाचा. ट्रेकच्या फॉर्ममध्ये 'आजार' या रकान्यात दयानंदांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं होतं. म्हणून त्यांनी त्या गोळ्या हळूच काढून फ्रिजवर ठेवल्या. सकाळी बसमध्ये चाचपतात तर स्ट्रिपा पुन्हा आत, वर रबरबँडने चिठ्ठी: 'ह्यांची बीपीची. विसरतात. आठवण करून द्यावी.'

पायथ्यालाच ऑफिसातली सुखदा घसरली. कोपर सोलपटलं. बाकीच्यांच्या तळहाताएवढ्या किटांतून फक्त सनस्क्रीन निघालं. दयानंदांनी नाइलाजाने चेनला हात लावला आणि चेनने एकदाचा जीव सोडला. तेल, ओवा, नीकॅप सगळं मातीत. स्ट्रिपा थेट प्रणीतच्या बुटापाशी.

प्रणीतने उचलल्या. चिठ्ठी वाचली. खिशात घातल्या.

पुढची चढण दयानंद मनात राजीनामा लिहीत चढले. दोन परिच्छेद झाले तेवढ्यात एका खडकाआडून हाक आली.

"सर, जरा इकडे या ना."

"प्रणीत, फॉर्ममध्ये मी लिहायला हवं होतं, पण..."

"हळू बोला सर! मीपण 'नाही'च लिहिलंय." प्रणीतने स्ट्रिप पुढे धरली. "सेम गोळी, सेम डोस. माझी घरी राहिली. एक घेऊ?"

दोघांनी एकाच बाटलीतल्या पाण्याने गोळ्या घेतल्या आणि दम खात बसले.

"टीममध्ये तुम्ही आहातच सर," प्रणीत म्हणाला. "फक्त ही दुसरी स्ट्रिप माझ्याकडे राहू दे. आणि ती नीकॅप... आज लागणारे का तुम्हाला?"

संध्याकाळी वासंतीने रिकामं पाऊच झटकलं.

"दुसरी स्ट्रिप कुठाय हो?"

"फिरवली," सोफ्यावर आडवे होत दयानंद म्हणाले.