केरबा वानराचं अचूक इंग्रजी

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना 'खॅक' कळत असे.

हसू नका. 'खॅक' हा फार कामाचा शब्द होता. अर्जुनाच्या उंच झाडावर केरबा नावाचा वानर राखणीला बसायचा. झुडपात बिबट्या दिसला की तो "खॅक! खॅक!" ओरडायचा, आणि खालची हरणं धूम ठोकायची. केरबाच्या आज्यापणज्यांपासून हे असंच चाललं होतं. त्याच्या बदल्यात कोणी कोणाचे आभारही मानत नसे. केरबा फळं खाता खाता चार खाली टाकायचा, हरणं ती खायची, एवढंच.

मग त्या जंगलात साळुंकी मॅडम आल्या.

मॅडमनी दोन वर्षं एका इंग्रजी शाळेच्या खिडकीत घरटं केलं होतं. तेवढ्या भांडवलावर लोक काय काय करतात, हे तुम्ही मोठे झालात की बघालच. मॅडमनी वडाखाली सभा घेतली आणि विचारलं, "धोक्याच्या वेळी तुम्ही काय म्हणता?"

"खॅक," सगळे म्हणाले.

मॅडमनी पंखाने चोच झाकली. "पलीकडच्या जंगलात हे कळलं तर काय म्हणतील?"

पलीकडच्या जंगलात कोणीच कधी गेलं नव्हतं. तरी सगळ्यांना लाज वाटली. यापुढे धोक्याची सूचना शुद्ध इंग्रजीतच द्यायची, असं सभेत एकमताने ठरलं. लगेच वर्ग सुरू झाला आणि वडाच्या बुंध्यावर एक फलक लागला. ज्याची चूक होईल त्याचं नाव आणि चूक आठवडाभर त्या फलकावर राहणार. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती वाचून 'खी खी' करायचं, असा नियमच होता.

पहिल्याच दिवशी अस्वल मधमाश्यांना म्हणालं, "बॉरो मी सम हनी."

"लेंड!" मॅडम कडाडल्या. "आपण घ्यायचं ते बॉरो, दुसऱ्याने द्यायचं ते लेंड!"

मधमाश्यांनी मात्र दोन्ही शब्दांना सारखेच डंख मारले. अस्वलाचं नाव फलकावर गेलं. पाठोपाठ रानडुक्कर गेलं, कारण 'रिमाइंड' म्हणायच्या जागी ते 'रिमेंबर' म्हणालं. नदीकाठची टिटवी मावशी तर एका दिवसात तीनदा फलकावर गेली. "मला नाही बाई जमत," म्हणाली आणि वर्ग सोडून वाळूत अंडी उबवत बसली.

हळूहळू जंगलात कोणी बोलेनासं झालं. बोलायचं म्हणजे चुकायचं, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मॅडम खूश झाल्या. "किती शिस्त आली!" म्हणाल्या.

केरबाचं नाव फलकावर एकदाही आलं नव्हतं. त्याला त्याचा फार अभिमान होता.

एके दुपारी वर्ग चालू होता. वडासमोरच्याच अर्जुनाखालच्या गवतात ठिपकी नावाच्या हरिणीचं पाडस झोपलं होतं. जन्मून अकरा दिवस झाले होते, पाय अजून लटपटत होते. ठिपकी शेजारीच चरत होती. वर केरबा आहे म्हटल्यावर तिला कसला घोर?

केरबाने पाहिलं, तर घाणेरीच्या झुडपात बिबट्या.

त्याने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. 'लुक' म्हणायचं की 'सी' की 'वॉच'? 'लुक'च्या पुढे 'ॲट' लागतं, 'सी'च्या पुढे लागत नाही. 'वॉच'चं काय? आणि 'ॲट'च्या पुढे काय? लेपर्ड की पँथर? बिबट्या दोन पावलं पुढे आला. केरबाने फलकाकडे पाहिलं. एका नावापुरती जागा रिकामी होती.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "एक शंका आहे."

"आधी हात वर."

केरबाने हात वर केला. बिबट्या गवतात दबा धरून बसला.

"आता मराठीत नाही, इंग्रजीत विचार."

केरबाने हात खाली घेतला.

तेवढ्यात नदीकाठून टिटवी किंचाळत उडाली. "टिटिव! टिटिव! बिबट्या गोइंग! बिबट्या गोइंग हिअर! रन, रनिंग, रॅन!"

ठिपकीला त्यातलं काय कळलं कोण जाणे. पण तिच्या पायांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ते पळाले. पाडसही धडपडत पळालं. बिबट्याच्या पंजात नुसतं गवत आलं.

संध्याकाळी सभा भरली. टिटवीच्या सगळ्या चुका फलकावर लिहिल्या गेल्या. येणाऱ्याला 'गोइंग' म्हणते म्हणून सगळ्यांनी पोट धरधरून 'खी खी' केलं. आजवर एकही चूक न केल्याबद्दल केरबाला मोरपीस मिळालं. ते घेताना त्याला ठिपकीच्या डोळ्यांत बघवेना. लाज वाटली बिचाऱ्याला, पण मोरपीस त्याने घेतलं.

सभा पांगल्यावर ठिपकी नदीकाठी गेली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाली, "मावशी, माझं लेकरू वाचवलंस गं. तुझे उपकार कसे फेडू?"

"मग सभेत का नाही बोललीस?"

ठिपकीने मान खाली घातली. "आभार इंग्रजीत मानायचे होते. चुकलं असतं, तर माझं नाव लागलं असतं. पुढे पाडसाला वर्गात सगळे चिडवतील ना."

टिटवी परत अंड्यांवर जाऊन बसली. तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात बिबट्या आला. घाबरू नका, पलीकडच्या जंगलात जेवून आला होता. त्याने पाठीवरून एक नवा कोरा फलक आणला होता, जुन्याच्या दुप्पट मोठा.

"माझं स्वतःचं इंग्रजी कच्चं आहे," तो नम्रपणे म्हणाला. "पण तुमची प्रगती पाहिली की ऊर भरून येतो. एकच विनंती आहे. त्या टिटवीताईंना वर्गात परत घ्या. काल त्यांच्या चुका मला फार लागल्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारपासून टिटवी मावशी पहिल्या रांगेत बसते. 'कमिंग' आणि 'गोइंग' मधला फरक तिला आता थोडा थोडा कळतो. खात्री झाल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. ठिपकीचं पाडस अर्जुनाखाली निवांत झोपतं.

तात्पर्य: बाळांनो, जीव गेला तरी बेहत्तर, पण शब्द चुकता कामा नये. आणि फलक भेट देणाऱ्याचं नाव फलकावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहावं. त्याचं स्पेलिंग चुकलं तरी तो रागावत नाही.