तिसरी बाटली

बाप वारला, आईनं जोडवी काढली. त्यातलं एक दुष्काळात गेलं, एक फडक्यात राहिलं. घरात चांदी तेवढीच. आई परभणीला आमच्याच कॉलेजात झाडलोट करायची आणि मी तिथंच बी.एस्सी.ला. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच.

मुळे सर आमचे पदार्थविज्ञानाचे. लग्नात जेवायला बसले तरी घरच्या बाईला सांगायचे, "ताई, चांदीची वाटी घासत नका जाऊ. उजेड घसरतो तिच्यावरून."

नामांतराच्या त्या दिवसांत नव्या पोराला पहिला प्रश्न असायचा, आडनाव काय? सर म्हणायचे, "गर्दी नको. एकट्यानं आपलं नाव सांग." जखमेवरच्या जांभळ्या औषधालाही ते हेच म्हणायचे. त्याचा एक थेंब बाटलीभर पाण्यात, त्यातला थेंब दुसऱ्या बाटलीत, त्यातला तिसऱ्या. ते पाणी ॲसिडानं खडबडीत केलेल्या चांदीच्या चकतीवर टाकायचं आणि लाल लेसर सोडायचा. परतणाऱ्या उजेडात औषधाची ओळख सांगणाऱ्या रेघा असतात, खडबडीत चांदी त्या कैक पट ठळक करते. एक दिवस एकटा रेणूसुद्धा आपलं नाव सांगेल, हा सरांचा ध्यास.

"सर, तिसऱ्या बाटलीत नुसतं पाणी हाय की!" रसायनवाले हसायचे.

"औषध हाय तिथं. आपल्याला दिसंना, एवढंच."

दोन बाटल्यांच्या रेघा फोटोच्या काचेवर आल्या. तिसरीच्या काही येईनात. त्यात आईनं टेबल पुसताना ती काळपट चकती बघितली आणि राखेनं घासून लख्ख केली. सरांनी ती परत ॲसिडात टाकली. आधीच कागदासारखी झालेली, विरून गेली.

दुसऱ्या दिवशी आई फडकं सोडत समोर उभी. "घ्या, सर."

"अक्का, हे जोडवं हाय. ॲसिडात घालावं लागल."

"घाला. आता कुठं माझ्या पायात जायचंय?"

सरांनी जोडवं तळहातावर घेतलं. मग म्हणाले, "ती चकती बी जोडवंच होतं. आमच्या हिचं. ही गेल्यापासून मी ते कुणाला घासू दिलं न्हाई."

आईनं तोंडाला पदर लावला. "आन् म्या घासलं!"

"बरं केलं, अक्का. तिला लख्खच आवडायचं."

आईचं जोडवं ठोकून चपटं केलं, खडबडीत केलं. तिसऱ्या दिवशी ओली काच हातात धरून सर व्हरांड्यात धावत आले. आईच्या हातातला झाडू त्यांनी काढून घेतला. "अक्का, बघा, बघा! नाव सांगायलंय!"

एकटा रेणू काही आम्हाला सापडला नाही. पण तिसऱ्या बाटलीतलं औषध आम्ही ओळखलं, माझ्या आईच्या जोडव्यावर.