दिगूभाऊ आणि व्हर्जिनियाचा घाट

दिगूभाऊ चोपड्यांना ‘कसं काय, बरं आहे का?’ असं विचारलं, तर ते स्वतःच्या तब्येतीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ‘वरती उत्तरेले बरं हाय. पन पहाडात काई खरं नाई,’ असं म्हणतात. नवखा माणूस घाबरून सातपुड्याच्या दिशेनं बघायला लागतो. दिगूभाऊंचा पहाड मात्र अमेरिकेतल्या व्हर्जिनिया नावाच्या राज्यात आहे, आणि तिथं गव्हर्नरची निवडणूक लागलेली आहे.

हे गृहस्थ आयुष्यात नागपूरच्या पुढं गेलेले नाहीत. तीस वर्षं मलकापूर-बुलढाणा गाडीवर कंडक्टर होते. आमचं मोताळा या रस्त्यावर मधोमध येतं, आणि मोताळ्यानंतर राजूर घाट चढला की बुलढाणा. आमच्या जिल्ह्याचे लोक एकमेकांना जात विचारण्याआधी ‘घाटावरचे का घाटाखालचे?’ असं विचारतात. दिगूभाऊंचा सगळा राजकीय अभ्यास या एका चढावर झाला. ‘घाट चढला का गाडीतल्या गोष्टी बदलतात, वामनराव. मानूस पक्षाले मत देतच नाई. तो उताराले मत देते. पानी जसं जाते तसा जाते,’ हा त्यांचा सिद्धान्त. आणि वाद संपला असं त्यांना वाटलं, की हवेतली दोरी दोनदा ओढून ते म्हणतात, ‘डबल!’ म्हणजे गाडी पुढं घ्या. मग समोरचा काहीही बोलो, त्यांची गाडी सुटलेली असते.

आता माझ्याबद्दल, म्हणजे या वामनरावाबद्दल सांगतो, कारण या गोष्टीत दुखणं माझं आहे. मी तहसीलच्या निवडणूक शाखेत बावीस वर्षं काढली. कोणत्या गावाचं कोणतं बूथ कुणीकडं झुकतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. निवडणूक लागली की बसस्टँडसमोरचा हॉटेलवाला शंकर माझी कोपऱ्यातली खुर्ची फडक्यानं पुसून ठेवायचा. मी बसलो की चार माणसं आपोआप खुर्च्या ओढायची. ‘बाबूसाहेब काय म्हनतात?’ हा प्रश्न ऐकायला मी पेन्शनीत निघालो होतो, असं म्हटलं तरी चालेल.

आणि एके दिवशी दिगूभाऊ कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेननं काढलेला नकाशा घेऊन हॉटेलात आले.

‘राज्यपालाची निवडनूक?’ शंकरनं विचारलं. ‘राज्यपाल त दिल्लीहून पाठवतात न?’

‘तिथला राज्यपाल म्हंजे आपला मुख्यमंत्री. त्याले दारोदार हात जोडत फिरा लागते,’ दिगूभाऊ म्हणाले. ‘आन् एकदा झाला, का लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाई.’

एका माजी सरपंचाच्या हातातली बशी तशीच राहिली.

‘मंग चार वर्षांनं तो करते काय?’

‘घरी जाते.’

‘गुपचूप?’

‘हाव.’

त्या दिवसापासून माझ्या खुर्चीवर दिगूभाऊ बसायला लागले. बाजाराच्या दिवशी तर कापूस-सोयाबीन विकून आलेले शेतकरीसुद्धा मुद्दाम नकाशा बघायला थांबायचे. दिगूभाऊ बोट फिरवत सांगायचे, ‘हे उत्तरेले देशाची राजधानी लागून हाय. इथं सारे नोकरदार. हापिसं, बंगले. म्हंजे आपलं बुलढाना. तिथं दोनच मोठे पक्ष, निळा आन् लाल. हे निळ्याचे. हा खाली कोपऱ्यात पहाड, कोळशाच्या खदानी. हे पक्के लाल. आन् हा समुद्राकडचा भाग म्हंजे मलकापूर. जंक्शन! सारे बाहेरून येनारे-जानारे. यंदा इकडं, पुढच्या खेपेला तिकडं. पन मानसं उत्तरेले जास्त हाईत. निळा येते. डबल!’

मला जे झालं त्याला मराठीत एकच शब्द आहे. मी जळलो. मोताळ्याच्या बूथांची बावीस वर्षांची विद्या, आणि लोक ऐकून राह्यले कोणत्या तरी खाणीचं! घरी गेलो, चष्मा पुसला आणि गच्चीवर बसून मोबाइलवर व्हर्जिनिया वाचायला लागलो. बायकोनं दोनदा हाक मारली, तर ‘काम आहे’ म्हणालो. मला लाल-निळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. दिगूभाऊ निळा म्हणाले, म्हणून मी लाल. दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाहीर सांगितलं, ‘लाल येते. लिहून ठेवा.’

लोकांना मजा वाटली. पण खुर्च्या तिकडच्या तिकडंच राहिल्या.

तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळे मतमोजणी आमच्या सकाळच्या चहाला आली. शंकरनं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. सुरुवातीचे आकडे आले आणि लाल चक्क पुढं! मी सगळ्यांना चहा सांगितला. इतका आनंद मला माझ्या बढतीच्या दिवशी झाला नव्हता. दिगूभाऊ मात्र शांत. ‘पहाडातले बूथ लहान, लवकर मोजून होतात. बुलढान्याच्या पेट्या येऊ द्या.’

बुलढाण्याच्या पेट्या आल्या. निळा पुढं गेला आणि पुढंच राहिला. टाळ्या पडल्या. कुणीतरी दिगूभाऊंच्या डोक्यावर मानाची टोपी ठेवली. माझ्या पैशाचा चहा पीत लोकांनी त्यांचा जयजयकार केला. त्यांनी दोरी ओढली नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा त्याचं कारण शोधण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

‘चला वामनराव, घरी,’ ते माझा हात धरून म्हणाले. ‘पंकजले फोन लावतो. तुमी बी या. तुमी विरोधी पक्ष हाय.’

पंकज हा त्यांचा एकुलता एक मुलगा, तिथंच व्हर्जिनियात नोकरीला. आता पोरासमोरही माझी फजिती करणार, असं मला वाटलं. पण न जावं तर रुसलो म्हणतील. गेलो.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर वहिनींचा फोटो. त्या जाऊन दोन वर्षं होत आली होती. दिगूभाऊंनी फोन लावला, ‘थांब बरं, मी आकड्याचा कागद आनतो,’ असं म्हणून माझ्या हातात दिला आणि ते आतल्या खोलीत गेले.

मी म्हणालो, ‘काय रे पंकज, तुलेबी बापासारखाच नाद लागला काय राजकारणाचा?’

तिकडून आवाज एकदम खाली आला. ‘नाई हो काका. मले कायचा नाद! आई होती तवा फोनवर तीच बोले. ती गेली, आन् बाबा “जेवला का” म्हनत, मी “हाव” म्हनो, मंग दोघंबी गप्प. एकदा असंच म्हटलं, इथं निवडनूक लागून राह्यली, त बाबा अर्धा घंटा बोलले. तवापासून रोज सकाळी वाचून ठेवतो. त्यांनं विचारलं त सांगता आलं पाहिजे न. तुमी त्यांले सांगू नका.’

तेवढ्यात दिगूभाऊ कागद घेऊन बाहेर आले. फोन घेताना त्यावर हात ठेवून ते माझ्या कानाशी वाकले.

‘लय नाद हाय पोराले,’ ते कुजबुजले. ‘मले कंडक्टरले काय कळते हो त्यातलं? पन त्याले बोलाले कोनी नाई तिथं. म्हनून सारं पाठ करा लागते.’

ते खाटेवर बसले आणि बापलेकांचं सुरू झालं. पहाड, समुद्र, उत्तर. दिगूभाऊ एक आकडा चुकले, तो मला ठाऊक होता, पंकजलाही ठाऊक असणार. त्यानं चूक काढली नाही. मग आकडे संपले. दिगूभाऊ जरा थांबले आणि हळूच म्हणाले, ‘आता हे त संपलं बापू. आता?’

‘पुढच्या वर्षी दुसरी हाय न बाबा,’ पंकज घाईनं म्हणाला. ‘दिल्लीवाली. म्हंजे आपल्या लोकसभेसारखी. त्याची तयारी आतापासून सुरू झाली.’

‘काय म्हनतं!’ दिगूभाऊंनी पेन उचललं. ‘सांग बरं, कोन कोन उभं हाय?’

मी निघालो ते त्यांना कळलंही नाही.

रस्ताभर मी जळतच होतो. हॉटेलातल्या खुर्चीसाठी जळलो त्याहून जास्त. माझा मुलगा कुठं अमेरिकेत नाही, माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. मी जिना चढून गेलो. तो कामावर जायच्या तयारीत होता. मला दारात बघून थबकला, कारण मी सहसा वर जात नाही.

‘काय झालं बाबा?’

‘काई नाई,’ मी म्हणालो. ‘चहा झाला का?’

‘हाव.’

मग दोघंही गप्प. तो बुटाची नाडी बांधायला लागला, आणि मी विषय शोधत दारात उभा राहिलो.