निघायचा टाइम सांगायचा नाय

आमच्या किन्हवलीहून शहापूरला सरळ जाणारा रस्ता एकच. पण यशवंत आपली भाड्याची जीप त्या रस्त्यानं लागोपाठ दोन दिवस नेईल तर शपथ! गिऱ्हाइकं शहापूरची, आणि गाडी मुरबाडच्या दिशेनं धूळ उडवत निघालेली. "अरे, कोर्टात तारीख आहे माझी!" म्हणून एखादा ओरडला की हा मागं न बघता म्हणायचा, "रोज त्याच रस्त्यानं जानारा मानूस सापडतो. डोकं खाली घ्या."

यशवंत माझा शेजारी. पाच वर्षं परदेशात आपल्या वकिलातीची गाडी चालवून आलेला. देश कुठला, ते काही सांगायचा नाही. "लढाईचा मुलूख, गुरुजी. बाकी इचारू नका." मी शाळामास्तर, न विचारता राहणं मला कसं जमावं? पण त्यानं दाद दिली नाही. साहेबांना कचेरीत नेणं-आणणं हे त्याचं काम, आणि तिथले सगळे नियम तो इकडे घेऊन आला होता. रोज सकाळी जीपखाली आडवा होऊन टॉर्चनं तपासायचा. बॉम्ब राहू द्या, एकदा आमची हरवलेली कोंबडी तेवढी सापडली. आणि निघायचा टाइम कुणाला सांगायचा नाय! मग गिऱ्हाईक काय कपाळ येणार? धंदा पार बसला, पण नियम सुटला नाही.

बायको लवकर गेलेली. घरात म्हातारी बायजाआत्या आणि एकुलती एक सुजाता. तिचं लग्न ठरलं धसईला, मुलाच्या दारी. मुलाकडच्यांनी हौसेनं निरोप धाडला, दहा वाजता वेशीवर बँड उभा करतो. यशवंताचा चेहरा पडला. "टाइम फुटला, गुरुजी. हे बरं नाय झालं."

त्यानं तीन जीपा केल्या. नवरी कुठल्या जीपमध्ये, कुणाला पत्ता नाही. मी पहिल्या जीपमध्ये, आणि मागच्या सीटवर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं पांढऱ्या साडीत, तोंडावर पदर ओढलेली नवरी. सरळगावला नवरी खोकली तेव्हा मला कळलं, अरे, ही तर बायजाआत्या! "गप बसा, गुरुजी," म्हातारी पदराआडून म्हणाली, "मला काय हौस नाय."

वेशीवर बँड वाजला, पोरींनी फुलं उधळली, वरमाईनं हार घातला आणि कौतुकानं पदर मागं सारला. सत्तरीची आत्या बोळकं पसरून हसत होती. दुसऱ्या जीपमधून नुसती भांडी उतरली. तिसरीचा पत्ता नाही, आणि मोबाइल तेव्हा कुणाकडे होते! तासाभरानं ती जीप शेतवाटेनं धुळीनं माखून आली; चालवायला यशवंत, मागं सुजाता. तोवर मुलाचे वडील दौलतराव लालबुंद झाले होते.

"चारचौघांत आमची थट्टा करता? न्या तुमची पोरगी परत!"

जीपमध्ये सुजाता रडायला लागली.

यशवंत उतरून तिच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. "थट्टा नाय, सोयरे," तो म्हणाला. "तिकडं एक दिस सायबांना उशीर झाला व्हता. म्हनाले, यशवंत, आज रोजच्या रस्त्यानं घे. मी घेतली. वाटेत बॉम्ब फुटला. सायेब गेले, मी ऱ्हायलो. त्यांची पोर दारात वाट बघत व्हती. तिच्यासमोर मी एकटाच येऊन उभा ऱ्हायलो."

इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाला हसत होतो, माझी मलाच लाज वाटली. दौलतरावांनी टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. "सूनबाईंना उतरवा, सोयरे. ऊन लागतंय त्यांना."

यशवंतानं कडीला हात घातला, पण दार काही उघडेना. कडीला काही झालं नव्हतं, त्याचा हातच हलत नव्हता. सुजातानं खिडकीतून हात काढून त्याच्या हातावर ठेवला.

"आबा," ती म्हणाली, "पोचले ना मी."

भर उन्हात, सगळ्या वऱ्हाडासमोर तो ढसाढसा रडला, आणि मग त्यानं दार उघडलं.