मशीन हाय ते, म्हस न्हाई

दस्तगीर शिकलगार माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याची बोटं बघायचा. कोरेगावच्या आमच्या छापखान्यात कुणी लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आलं, की हा खुर्चीतूनच मान वळवून पहिली नजर हाताकडे टाकायचा. चुना, तंबाखू, भज्यांचं तेल, काहीही दिसलं की माणूस कितीही मोठा असो, त्याला दाराशीच थांबावं लागे. एका सरपंचांना त्यानं मागच्या मोरीवर हात धुवायला पाठवलं होतं. ते बिचारे हात धुऊन आले आणि धोतराला पुसायला लागले, तर हा म्हणतो, "तसंच वाळवा. धोतर सकाळपासनं कुठंकुठं टेकलं असंल."

हे सगळं कॉम्प्युटरसाठी. नव्वदनंतरची ती वर्षं. मालकांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम हळूहळू बंद करून अक्षरजुळणीसाठी कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यासोबत दस्तगीरलाही आणलं. तो मूळचा उंब्रजचा, पुण्यात राहून हे काम शिकून आलेला. मी तिथं मुद्रितं तपासायची. त्याच्या शेजारी बसून पडद्यावर वाचताना मी एकदा म्हटलं, "दस्तगीर, पाटलांच्या डोक्यावर हा अनुस्वार कशाला?" त्यानं शांतपणे रुमाल काढला आणि काच पुसली. अनुस्वार गेला. "ताई, ह्यो अनुस्वार हनमंतआप्पांच्या अंगठ्याचा हाय," तो म्हणाला. हनमंतआप्पा म्हणजे आमच्याकडचे खिळे जुळवणारे जुने जुळारी.

त्याला छळायला आम्ही सगळे टपलेलोच होतो म्हणा ना. मालकांना रिकामा फिरणारा पंखा बघवायचा नाही. जेवायला उठले की भिंतीवरची सगळी बटणं खटाखट खाली, त्यात कॉम्प्युटरचंही. सकाळपासूनचं काम गेलं की दस्तगीर डबा उघडायचाच नाही. बांधणीवाल्यानं एकदा फ्लॉपी हरवू नये म्हणून ती टाचणीनं कागदाला टोचून ठेवली, तेव्हा हा तीच टाचणी हातात धरून दिवसभर तिच्याकडे बघत बसला होता. आणि यंत्र जरा रेंगाळलं की कुणीतरी पडद्याच्या बाजूला हमखास थाप मारायचं. मग तो ओरडायचा, "आवं, मशीन हाय ते, म्हस न्हाई!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढं पुढं थाप बसली की आम्हीच ते म्हणून टाकायचो. मला त्याचा हा सोवळेपणा अजिबात आवडत नसे. एवढं काय त्या डबड्याचं, असं मी तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

पण त्याला खरा घाम फोडला तो हनमंतआप्पांनी. आप्पांनी उभा जन्म खिळे जुळवले होते. मालकांनी एक दिवस सगळ्यांदेखत सांगितलं, "आप्पा, दिवाळी अंकाची पानं या कॉम्प्युटरवर लावून दाखवा. जमलं तर राहा. नाहीतर घरी बसा, आराम करा." म्हणताना आवाज गोड होता, पण अर्थ सगळ्यांना कळला. त्या दिवसापासून आप्पांना शिकवायचं काम दस्तगीरनं कुणी न सांगता अंगावर घेतलं.

ती शिकवणी बघण्यासारखी होती. जुळारी डाव्या हातात खिळ्यांची पट्टी धरतो आणि उजव्या हातानं खिळे उचलून तिच्यात लावतो. पट्टी गेली तरी आप्पांचा डावा हात तसाच मुडपून छातीशी राहायचा. एक कळ दाबली की खिळा नीट बसेपर्यंत दाबावा तशी दाबून धरायचे आणि पडद्यावर 'क'ची रांगच्या रांग पळत सुटायची.

"आप्पा, सोडा! आवं बोट सोडा की!"

"बसला का पण नीट?"

"बसला! पन्नास बसलं!"

त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात आणि आप्पांना उलटं वाचायची इतकी सवय, की पडद्यावरची सुलटी ओळ बघून ते गोंधळायचे. "लय सरळ दिसतंय रं सगळं. चूक कुठं हाय त्ये घावतच न्हाई," ते हताश होऊन म्हणायचे. दस्तगीर कपाळाला हात लावायचा, चिडायचा, उठून बाहेर जायचा आणि परत येऊन पहिल्यापासून सुरू करायचा. आप्पांची ओळ बरोबर आली की मात्र खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा राहायचा, जणू परीक्षा त्याचीच होती.

खंडेनवमी आली. त्या दिवशी छापखान्यात यंत्रांची पूजा असते. दस्तगीरनं कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि बजावलं, "ह्येला फुलं लांबनं. हळद न्हाई, कुंकू न्हाई, पाणी तर न्हाईच न्हाई." आम्ही सगळे मागच्या खोलीत छपाईच्या यंत्राच्या आरतीला जमलो. आप्पा हातात तबक घेऊन मागं रेंगाळले. मी बोलवायला गेले तेव्हा मला हळूच म्हणाले, "त्येलाबी तोंड हाय की, ताई. सणाचं उपाशी ठिवायचं?" मी हसले आणि पुढं गेले. तोंड म्हणजे फ्लॉपी घालायची फट, हे मला दसऱ्याची सुटी संपल्यावर कळलं.

सकाळी दस्तगीरनं बटण दाबलं. आत काहीतरी चरचरलं आणि जळका वास सुटला. यंत्र उघडलं तर आत अक्षता, कुंकवाचा चिखल आणि साखरेचे चार दाणे. दिवाळी अंकाची पानं फ्लॉप्यांवर उतरवलेली होती म्हणून वाचली, पण यंत्र बसलं होतं. मालक लालबुंद झाले. "कुणी केलं हे?"

आप्पा खाली बघत होते. आता हा माणूस घरी बसणार, आणि बसवणार दस्तगीरच, कारण त्या फटीत काही घातलेलं तो कुणालाही माफ करेल, हे शक्य नव्हतं.

"मी केलं," दस्तगीर म्हणाला.

"तू? तू पूजा केलीस?"

"का? आमी शिकलगार. माझ्या बापजाद्यांनी ह्या मुलखाच्या हत्यारांना धार लावली. आता माझं हत्यार ह्ये. खंडेनवमीला त्येला चार अक्षता मी न्हाई घालायच्या तर कुणी?"

मालकांना एक अक्षरही पटलेलं नव्हतं. पण शिकलगाराला हत्याराची पूजा तू करणार नाहीस, असं सांगणार कसं? शेवटी ते एवढंच म्हणाले, "मग आता दुरुस्तीला पुण्याला तूच घेऊन जा. एवढ्या शहाण्या माणसानं असला गाढवपणा करावा!" दस्तगीरनं मान खाली घातली. इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवलेलं सगळं त्यानं त्या दिवशी सगळ्यांसमोर ऐकून घेतलं.

माझं घर स्टँडच्या वाटेवर, म्हणून मी त्याच्याबरोबर निघाले. यंत्र त्यानं वाकळेत गुंडाळून उराशी धरलं होतं. मी विचारलं, "का रे घेतलंस अंगावर?"

त्यानं वाकळेचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाला, "माझा बा सायकलीवर धार लावायचं चाक घिऊन गावं फिरायचा. मग पात बदलायचं वस्तरं आलं, बाजारात तयार सुऱ्या आल्या. कुणी हाक मारंना. बा घरी बसला. आजारी न्हाई, काय न्हाई, नुसता बसला. सकाळी उठून चाकाला त्याल घालायचा आन् दारात बसून ऱ्हायचा. दोन वर्सांत गेला. काम नसलेला माणूस कसा मरतो त्ये मी बघितलंय, ताई. आन् आता ह्ये मशीन घिऊन मीच आलोय आप्पांच्या दारात."

गाडी लागली. तो यंत्र सांभाळत आत चढला, खिडकीशी बसला आणि गाडी हलता हलता बाहेर वाकून म्हणाला, "ताई, आप्पांना सांगा, उद्या घरी ऱ्हायचं न्हाई. मशीन नसलं तरी यायचं. खुर्चीत बसायचं."

मी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी आप्पा नेहमीच्या वेळेला आले, मोरीवर जाऊन हात धुतले आणि दस्तगीर येईपर्यंत रोज त्या रिकाम्या टेबलासमोर बसून राहिले.