डब्यातलं सफरचंद

एकादशी पाळावी तर इंद्रायणीबाईंनीच! असं टेंभुर्णीत सगळे म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्यानं त्या स्वतः म्हणत. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात धान्याचा कण शिरत नसे. भजनी मंडळातल्या बायका दर एकादशीला त्यांच्याच ओसरीवर फराळाला बसत. गावात हा मान मोठा होता आणि तो राखायला बाईंकडं एकच हत्यार होतं, ते म्हणजे राग!

मागच्या एकादशीला दैवशालाबाईंनी घरून शेंगदाण्याची आमटी करून आणली होती.

"मीठ कोणतं घातलं?" इंद्रायणीबाईंनी विचारलं.

"साधंच की."

"साधं? उपासाला सैंधव लागतं, हे बी शिकवावं लागतं का? उठा! आधी ती आमटी उचला!"

बिचाऱ्या दैवशालाबाई भरल्या पंगतीतून पातेलं घेऊन घरी गेल्या. तेव्हापासून त्या डूख धरून होत्या आणि त्यात त्यांचं काही चुकलं, असं मला तरी वाटत नाही.

या एकादशीला इंद्रायणीबाईंचे यजमान, बद्रीनाथराव, जालन्याहून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. ते तिथल्या एका बियाणं कंपनीत मक्याच्या विभागात होते. कंपनीत आलेल्या परदेशी पाहुण्यानं सगळ्यांना एकेक डबा वाटला होता. डब्यावर लालभडक सफरचंदांचं चित्र होतं.

"हे काय आणलं?" बाई गुरकावल्या.

"सफरचंद हे डब्यातलं. शिजवून, पाकात घालून ठेवलेलं. तिकडं करंजीसारखं काहीतरी करतेत, त्यात भरतेत."

"उपासाला चालतं का?"

"फळच तं हे! बिलकुल चालतं."

डबा उघडायचं हत्यार घरात नव्हतं. विळ्याचं टोक वाकलं, अडकित्त्यानं हार मानली, शेवटी बद्रीनाथरावांनी छन्नी-हातोडी काढली. पहिल्याच घावाला पाकाची पिचकारी बाईंच्या नव्या पातळावर!

"सारा जन्म नासून ठेवला माझा! आता पातळ बी नासलं!" बाई कडाडल्या.

पण बोट चाटल्यावर त्यांचा आवाज उतरला. दालचिनीचा वास, घट्ट चकचकीत पाक आणि मऊ फोडी! बाईंनी शिंगाड्याच्या पिठाच्या पाऱ्या लाटून त्यात ते सफरचंद भरलं आणि करंज्या तळल्या. उरलेलं भगरीच्या शिऱ्यात ढवळलं. शेजारी दर एकादशीचं त्यांचं खास फ्रूट कस्टर्ड होतंच, पिवळंधमक, वर द्राक्षं पेरलेलं.

भजन संपलं आणि बायका पंगतीला बसल्या. म्हाताऱ्या गोजरबाईंनी करंजी तोंडात टाकली आणि डोळेच मिटले.

"माय, काय गोड लागून राह्यलं गं हे! एकादशी रोज का येत न्हाई?"

"नुसतं गोड न्हाई, ताकदीचं हाय," इंद्रायणीबाई फुगल्या. "सफरचंदानं रक्त वाढतं. परदेशातून आलंय!"

दैवशालाबाईंनी करंजी फोडून पाक दोन बोटांत ताणला. "एवढा घट्ट कशानं झाला वो? आपला पाक तं असा होत न्हाई."

झालं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या फराळावर शंका? आणि ती कुणी घ्यावी, तर साध्या मिठाच्या आमटीवाल्या बाईनं?

"मीना!" त्यांनी सुनेला हाक मारली. "तो डबा आण अन् काय काय घातलंय ते वाच सगळ्यांसमोर!"

मीनानं डबा आणला, मागची बारीक अक्षरं नजरेखालून घातली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, राहू द्या ना. मंग सांगते."

"मंग न्हाई! आत्ताच! मोठ्यानं!"

"सफरचंद... साखर... पाणी..." मीनाचा आवाज बारीक होत गेला. "मक्याचं स्टार्च... दालचिनी..."

"दालचिनीच्या आधी काय म्हनलीस?" दैवशालाबाईंनी विचारलं.

"मका."

टेंभुर्णीच्या बाईला मका म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अर्ध्या गावाच्या रानात तोच उभा होता.

"मका धान्यात येतो ना वो, इंद्रायणीबाई?" दैवशालाबाई अगदी मधाळ आवाजात म्हणाल्या.

"माझी एकादशी मोडली गं माय!" गोजरबाईंनी हंबरडा फोडला, पण हातातली अर्धी करंजी काही खाली ठेवली नाही.

इंद्रायणीबाई तरातरा अंगणात गेल्या. बद्रीनाथराव तिथं छन्नी पुसत बसले होते.

"मक्यात सारी नोकरी गेली तुमची! अन् डब्यातला मका वळखता आला न्हाई?"

"अगं, मी बियाणं वळखतो. पाक कसा वळखू?"

"गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तुम्ही! तो डबा फेका! ती छन्नी फेका!"

त्या धापा टाकत ओसरीवर परतल्या. मान हातातून निसटत होता, तो धरायलाच हवा होता. "बायांनो, चूक त्या डब्याची हाय अन् आमच्या ह्यांची! त्या करंज्या बाजूला सारा. माझं कस्टर्ड घ्या. घरचं दूध, घरची केळी, माझ्या हातचं! इतक्या एकादश्या खाल्लंत, कधी काही निघालं का त्यात?"

बायकांना पटलं. वाट्या पुढं झाल्या.

"कस्टर्ड घट्ट कशानं होतं वो?" दैवशालाबाईंनी विचारलं.

"पावडरीनं! मीना, आण तो बी खोका! यांची एकदाची खात्री होऊ दे!"

मीना जागची हलली नाही. तिनं सासूकडं पाहिलं, मग जमिनीकडं पाहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्यात तं मक्याशिवाय दुसरं काहीच न्हाई. रंग अन् वास तेवढा वरून."

वाट्या होत्या तिथंच थांबल्या. इंद्रायणीबाईंनी रागवायला तोंड उघडलं, पण रागवावं कुणावर? पावडर त्यांनीच आणलेली, त्यांनीच ढवळलेली आणि साऱ्या मंडळाला एकादशीमागून एकादशी आग्रह करकरून वाढलेली!

पुढच्या एकादशीचा फराळ दैवशालाबाईंच्या ओसरीवर झाला. इंद्रायणीबाई पंगतीच्या पार शेवटी, खांबाआड बसल्या होत्या. दैवशालाबाई आमटी वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आल्या, थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मीठ कोणतं घातलं, इचारणार न्हाई का?"

"न्हाई बाई," इंद्रायणीबाईंनी वाटी पुढं केली. "वाढ मुकाट्यानं."