तीन घंट्यांचं गोंदिया

डोमाजी टेंभरे स्वतः फारसे कुठे गेले नाहीत, पण स्टेशनवर मात्र रोज असायचे. सकाळची मेल येण्याच्या आधीच धोतर, काळा कोट आणि खिशात साखळीचं घड्याळ अशा थाटात ते फलाटावर हजर. मेलमधून उतरून बालाघाटच्या छोट्या गाडीची वाट बघत ट्रंकेवर बसलेला एखादा परका माणूस त्यांना हवा असायचा. तो दिसला की त्याच्यासमोर उभं राहून दरडावून विचारायचे, "छोटी लाइन का? मंग तीन घंटे इथं कायले बसून राहिले? बसल्यानं गाडी लवकर येते का? चला, गोंदिया पाहू."

माणूस बिचकायचा. आधी त्याला हा दलाल वाटे, मग भामटा. पण तोवर त्याची ट्रंक पानवाल्याच्या ठेल्यामागे गेलेली असे आणि तो डोमाजींच्या मागे बाजारातून चालत असे. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण एकदा तो माणूस मीच होतो. बालाघाटला मुलगी बघायला निघालो होतो. मुलीने मला नापसंत केलं, पण वाटेत पाहिलेलं गोंदिया मला पसंत पडलं. पुढे तिथल्याच शाळेत नोकरी मिळाली आणि डोमाजींच्या शेजारची खोलीही. ते मला मास्तर म्हणत आणि मी त्यांना काका.

खरं सांगायचं तर तेव्हाच्या गोंदियात दाखवण्यासारखं काय होतं? पहिला मान राइस मिलमागच्या तुसाच्या ढिगाचा. "आपल्या इथल्या प्रतापगडचा पहाड पाहाले दिवस जाते. हा पाच मिनिटांत होते," असं ते सांगायचे. मग बिडीचा कारखाना. मग रेल्वेचा पूल. पुलावर पाहुण्याला मधोमध उभं करून म्हणायचे, "इकडे मोठी लाइन, तिकडे छोटी लाइन. हे तुमच्या गावात हाये का?" कलकत्त्याच्या एका वकिलाने अगदी नम्रपणे 'नहीं' म्हटलं होतं. त्या 'नहीं'चं कौतुक काका वर्षभर सांगत होते.

घड्याळ वीस मिनिटं पुढे. "आपल्या पाहुन्याची गाडी आजवर चुकली नाई," ही त्यांची फुशारकी, आणि ती खरी होती. पाहुण्याला ते गुरं हाकावी तसं हाकायचे. पण शेवटचा मुक्काम घरी, जेवायला. फुलचूरच्या शेतातल्या चिन्नोरचा वाफाळता भात पानात पडला की हाच माणूस एकदम मऊ व्हायचा. "सावकाश जेवा. उठू नका. अजून घ्या." गाडीची वेळ होत आली, कपाळावर घाम फुटला, घड्याळ मुठीत घट्ट धरलं, तरी पाहुणा आपणहून हात धुवायला उठेपर्यंत 'चला' म्हणून तोंडातून निघायचं नाही. मला याचं नवल वाटे. शेवटी काकांच्या बायकोने, गयाकाकूंनी उलगडा केला.

त्यांची एकुलती एक लेक शांता. तिच्या लग्नाची वरात दुर्गहून आलेली. परतीच्या दिवशी वरपक्षाची पंगत बसली, उडदाचे वडे नुकते पानात पडले, आणि काकांनी घड्याळ बघितलं. "उठा! उठा! गाडी!" नवरदेवासकट सगळी पंगत खरकट्या हाताने स्टेशनकडे धावली. स्टेशनवर कळलं, गाडीला अजून सव्वा तास आहे. मुलाचा बाप फलाटावर बसून आलुबोंडे खात होता.

"जेवत्या ताटावरून उठवलं गा पाहुन्याइले!" काकू म्हणाल्या. "जवाई बोलले, तुमच्या दारात पाऊल नाई ठेवनार. पाच वर्सं झाले. पोरगी आली नाई."

तेव्हापासून काका रोज स्टेशनवर जात होते. मी त्यांना मनातल्या मनात किती हसलो होतो! फार लाज वाटली.

मग एके दिवशी शांताचं कार्ड आलं. जावई जंगलखात्यात कारकून, त्यांची बालाघाटला बदली झाली होती. मंगळवारी मेलने उतरायचं, तीन तासांनी छोटी गाडी. 'हे स्टेशनाबाहेर यायचे नाहीत म्हणतात. तुम्ही दोघं या.' काकांनी कार्ड चारदा वाचलं आणि म्हणाले, "दारात पाऊल नाई ठेवत. टेसन काही माझं दार नाई."

मंगळवारी आम्ही वेटिंग रूममध्ये चटई अंथरली. पळसाच्या पत्रावळी, चिन्नोरचा भात, वांग्याची भाजी, कढी आणि वडे. मेल यायच्या आधी काकांनी साखळी सोडवून घड्याळ माझ्या हातात दिलं. "खिशात ठेव, मास्तर. मागितलं तरी देऊ नको."

शांता उतरली ती आईच्या गळ्यात पडून रडली. जावई खांबाला टेकून लांब उभे. रोज परक्या माणसांना दटावणारा हा माणूस नुसता कोटाची बटणं चाचपत होता. दोन तास असेच गेले. शेवटी शांताच म्हणाली, "भूक लागली." जावई तिच्याशेजारी बसले, पण नजर खालीच.

वडे वाढले गेले आणि छोट्या गाडीची घंटा झाली. माझा हात दोनदा खिशाकडे गेला. जावयांनी घास थांबवला आणि मान वर करून सासऱ्याकडे रोखून बघितलं. काकूंचा हात पळीवरच राहिला. काकांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते.

"भात घ्या, जवाईबापू," काका म्हणाले. "कढी गरम हाये."

जावयांनी मान खाली घालून भात कालवला. बाहेर शिट्टी झाली, डबे खडखडले, आणि बालाघाटची गाडी निघून गेली. पुढची उद्या सकाळी.

"गाडी गेली, मामाजी," जावई म्हणाले.

"जाऊ द्या. जेवत्या मानसाले उठवत नाई." काका म्हणाले.

जावयांनी पत्रावळ पुढे सरकवली. "मंग अजून एक वडा वाढा. आता उद्यापर्यंत काय करायचं?"

शांता डोळे पुसत हसली. "घरी जाऊ. अन् बाबूजी तुमाले गोंदिया दाखवतीन."

काका वडा वाढायला वाकले, तेव्हा त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी खिशातून घड्याळ काढून पुढे केलं. त्यांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"उद्या दे, मास्तर," ते म्हणाले.